खेकड्यांचे बारसे

नकाशात चटकन न सापडणाऱ्या एका बंदराच्या गावात एक सज्जन गृहस्थ राहत होते. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांचे सज्जनपण साधेसुधे नव्हते, ते लांबूनच दिसायचे. आपल्या हातून एकाही जिवाला इजा होऊ द्यायची नाही, असा नेम त्यांनी तरुणपणीच घेतला होता. त्यामुळे ते चालायचे ते खाली बघत, मुंगी चिरडू नये म्हणून. समईवर जाळी झाकायचे, पाखरू पोळू नये म्हणून. आणि पाणी प्यायचे ते पांढऱ्या स्वच्छ चौपदरी कापडातून गाळून, घोटाबरोबर एखादा बारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून.

अशा माणसाला गाव मानणारच. भांडण मिटवायला अण्णा, बाळाला नाव सुचवायला अण्णा, जमिनीची हद्द दाखवायलाही अण्णाच. ते एखादी गोष्ट बोलले की पुढे कोणी काही विचारायचे नाही. अण्णांना हे आवडायचे. मान सज्जनालाही आवडतोच, तो फक्त तसे कबूल करत नाही.

एकदा अण्णांनी एका तांडेलाचे त्याच्या भावाशी असलेले जुने वैर मिटवले. तांडेल खूश झाला आणि पुढच्या सफरीहून येताना त्याने अण्णांसाठी काचेची एक भलीमोठी पेटी आणली. तिच्यात समुद्राचे पाणी भरले, तळाला वाळू पसरली, चार खडक मांडले, थोडे रंगीत मासे सोडले आणि शंखात राहणारे काही खेकडेही सोडले. मग तो पुन्हा आपल्या गलबतावर निघून गेला.

हे खेकडे मोठे गमतीचे असतात. पुढून बघावे तर नांग्या, डोळे, सगळे खेकड्यासारखेच. मागचे अंग मात्र मऊ आणि उघडे. म्हणून ते गोगलगायीचा रिकामा शंख शोधतात, त्यात पाठीमागून शिरतात आणि घर पाठीवर घेऊन हिंडतात. गावाने असे खेकडे किनाऱ्यावर हजारदा पाहिले होते, पण बैठकीत, काचेच्या आड, दिव्याच्या उजेडात कोणी पाहिले होते? अण्णांच्या घरी बघ्यांची रीघ लागली.

अण्णांनी पेटीची निगा राखली ती आपल्या रीतीने. रोज पहाटे अंघोळ झाली की ते खेकडे आणि मासे लाकडी काथवटीत काढून ठेवत. पेटीतले पाणी घागरीने उपसत, चौपदरी कापडातून गाळत आणि पुन्हा पेटीत ओतत. "आपण गाळलेलं प्यावं आणि त्यांनी गढुळात राहावं, हा कुठला न्याय?" असे ते म्हणत. मग कापड झटकून अंगणातल्या दोरीवर वाळत घालत.

त्या दिवसांत अण्णांची लेक मथुरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला मुलगा झाला. बाळाला न्हाऊ घालायला येसू यायची. येसू गावची न्हाऊ घालणारी बाई, तिच्या आधी तिची आई हेच करायची. पाय लांब करून पाटावर बसायचे, पायांवर बाळ पालथे घालायचे आणि तेल चोळता चोळता त्याच्याशी गप्पा मारायच्या, हे तिचे काम. तिच्या पायांवर गेलेले मूल न्हाऊन निघाले की दूध पिऊन तासन्‌तास गाढ झोपायचे. येसूच्या हाताला यश आहे, असे सगळे म्हणायचे.

एके दिवशी पेटीत एक मोठा खेकडा एका लहान खेकडीचा शंख नांगीत पकडून तिला वाळूतून ओढत फिरू लागला. मारामारी जुंपली असे वाटून अण्णा लाकडी पळी घेऊन सोडवायला धावले.

मथुरा म्हणाली, "अण्णा, तो मारत असता तर ती शंखात दडून बसली असती. ती तर डोकं बाहेर काढून आरामात चाललीय."

अण्णांनी पळी खाली ठेवली. ती मारामारी नव्हतीच, सोयरीक होती. थोड्याच दिवसांत खेकडी शंखातून अर्धी बाहेर आली, तेव्हा तिच्या पोटाशी खसखशीएवढ्या काळपट अंड्यांचा घोस दिसला. ती आपल्या बारक्या पायांनी त्या घोसाला सारखी वारा घालत होती.

अण्णांचा आनंद गगनात मावेना. घरातल्या पेटीत समुद्राचे जीव जन्माला येणार होते, तेही त्यांच्या घरी, जिथे कधी डास मारला गेला नव्हता. "पिल्लांचं बारसं करू. सगळ्या गावाला पेढे," त्यांनी जाहीर करून टाकले. गावातल्या मुलांनी किनारा पालथा घालून भाताच्या दाण्याएवढे शंख वेचून आणले. अण्णांनी ते पेटीच्या तळाशी ओळीने मांडले. खेकडीची पिल्ले खेकड्यासारखीच दिसणार, टुकूटुकू चालत येणार आणि आपापल्या शंखात शिरणार, असे अण्णांना वाटत होते. गावालाही तसेच वाटत होते, कारण अण्णांना वाटत होते.

एके सकाळी पेटीत भाताची शिते टाकताना अण्णांचा हात थबकला. खेकडी शंखाबाहेर आली होती आणि तिच्या पोटाशी काहीच नव्हते. त्यांनी एकेक खडक उचलून पाहिला, वाळू चाळली, शंख उलटे करून बघितले. एकही पिल्लू नव्हते. आपल्या घरात जीव गेले, हे अण्णांच्या डोक्यात शिरेचना.

मग त्यांनी शोध सुरू केला. संशय आला तो माशांवर. त्याच दिवशी भरतीच्या पाण्यात मासे सोडून दिले गेले. खेकडीला पुन्हा अंडी आली, तेव्हा अण्णांनी त्या मोठ्या खेकड्याला उचलून वेगळ्या बरणीत ठेवले. बापाचाही भरवसा नको, असे त्यांचे म्हणणे. तरीही एका सकाळी अंडी नाहीशी झाली आणि पिल्लांचा मागमूस लागला नाही.

या खेपेला अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. मासे नव्हते, नर नव्हता. मग कोण? आणि त्यांना आठवले. आदल्या संध्याकाळी येसू बाळाला शेक देऊन निघाली होती. पेटीतला एक शंख उताणा पडून आतला खेकडा पाय झाडत होता. येसूने हात धुतले, पाण्यात घातले, शंख सरळ केला आणि ती पदराला हात पुसत निघून गेली. अण्णांनी ते दारातून पाहिले होते.

संध्याकाळी पारावर कोणीतरी विचारले, "अण्णा, बारसं कधी?"

"कसलं बारसं. सगळी गेली. दुसऱ्यांदा."

"कशानं हो?"

आपण काय बोलतो आहोत याचे अण्णांना भान होते, म्हणून तर त्यांनी शब्द जपून वापरले. "मी कुणावर आळ घेत नाही. पण आदल्या दिवशी येसूचा हात पाण्यात गेला होता, एवढं मात्र खरं."

दुसरे कोणी असे बोलले असते, तर लोकांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले असते. पण हे अण्णा बोलले होते. रात्रीची जेवणे व्हायच्या आत ती गोष्ट घराघरात पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यातला 'आळ घेत नाही' हा भाग वाटेत कुठेतरी गळून पडला. येसूच्या हाताने पिल्ले दगावली, एवढेच उरले. मग ज्यांच्या घरी तान्ही बाळे होती, ते धास्तावले. सुताराच्या सुनेने बाळंतपणासाठी येसूला आधीच सांगून ठेवले होते, तिच्या सासूने नको असा निरोप धाडला. हळूहळू सगळ्यांनीच धाडला.

अण्णाही मथुरेला म्हणाले, "काही दिवस बाळाला तूच न्हाऊ घाल."

"अण्णा, तिच्या हाताखाली पोर कसं बाळसं धरतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"मी तिला वाईट म्हटलं का? जपलेलं बरं, इतकंच."

अखेर येसूच अंगणात येऊन उभी राहिली. दोरीवर ओले कापड ठिबकत होते, त्याच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला अण्णा.

ती म्हणाली, "अण्णा, तुमाला माझ्या आईनं न्हाऊ घातलंय. मथुरेला मी घातलं. आता गावात एक पोर माझ्या पायांवर कुणी देत नाय. मी काय केलं, ते मला तरी सांगा."

"येसू, मी तुझं नाव घेऊन काहीही बोललेलो नाही. हवं तर कुणालाही विचार."

"तुमी माझा हात पाण्यात गेला म्हणालात."

"ते खरंच आहे ना?"

"खरं आहे," येसू म्हणाली. "उद्या सकाळच्या भरतीला तरीची होडी सुटते. मी पलीकडं बहिणीकडं जाते. तिथं कोळंबी सोलायचं काम मिळेल."

ती गेली. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असे अण्णांनी स्वतःला दोनतीनदा बजावले. माणूस असे स्वतःला बजावतो, तेव्हा त्याला आतून काहीतरी टोचत असते. पण अण्णांनी तिकडे लक्ष दिले नाही, कारण खेकड्याला बरणीतून परत पेटीत सोडल्यावर खेकडीला तिसऱ्यांदा अंडी आली होती आणि या वेळी त्यांनी पहारा ठेवायचे ठरवले होते.

त्याच दिवशी दिवेलागणीला ते समई घेऊन पेटीजवळ बसले. अंधारू लागले तशी खेकडी खडकावर चढली. शंखातून अर्धी बाहेर येऊन तिने अंगाला असा काही हिसका दिला, की तिच्या पोटाखालून धुरासारखे काहीतरी निघाले. तिने पुन्हा हिसका दिला, पुन्हा धूर. बघता बघता तो धूर सुटा झाला आणि त्याचे ठिपके झाले. ते ठिपके उड्या मारत, गिरक्या घेत समईच्या उजेडाकडे आले आणि काचेला आतून दाटीवाटीने चिकटले.

अण्णांनी नाक काचेला लावले. प्रत्येक ठिपक्याला दोन काळे डोळे होते.

"मथुरे, लवकर ये," ते ओरडले. मथुरा बाळाला घेऊन धावत आली. दोघे बापलेक कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. खेकडीची पिल्ले खेकड्यासारखी नसतातच तर. ती चालत नाहीत, पाण्यात धुळीसारखी तरंगतात. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. "आता उद्या सगळ्या गावाला दाखवतो," ते म्हणाले. त्यांनी बैठकीच्या बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि दारालाच पाठ लावून झोपले.

पहाटे ते उठले. अंघोळ केली. ओठांवर रोजचे स्तोत्र सुरू झाले आणि हात रोजच्या कामाला लागले. डोक्यात पेढ्यांचा विचार होता, कोणाकोणाला बोलवायचे याचा विचार होता. उजाडता उजाडता त्यांनी समई उचलून पेटीशी नेली, पिल्ले उजेडाकडे येतील म्हणून.

काहीच आले नाही.

त्यांनी समई दुसऱ्या बाजूला नेली. पाणी नितळ होते, इतके नितळ की पलीकडच्या भिंतीवरची खुंटी दिसत होती.

"मथुरे," ते कसेबसे म्हणाले, "कुणी आलं होतं का गं आत?"

मथुरा आतून आली. "दाराला तुमची कडी आहे, अण्णा. येणार कोण?"

"पिल्लं नाहीत. एक नाही. कुणीतरी आलं असणार. कुणीतरी हात..."

बोलता बोलता ते थांबले, कारण मथुरा पेटीकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्याकडे बघत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अण्णांनी खांद्यावर हात नेला. तिथे चौपदरी कापड होते, ओले. नुकतेच गाळून झालेले.

त्यांनी ते खाली घेतले आणि समईच्या उजेडात दोन्ही हातांनी उलगडले. कापडावर राखाडी साय धरली होती. सायीत काळे ठिपके होते, दोन दोन, जोडीजोडीने. काही ठिकाणी साय अजून हलत होती.

अण्णांना कापड हातातून सोडवेना. मथुरेने त्यांचे मनगट धरून कापड पाण्यात बुडवले आणि हलकेच हलवले. साय सुटली. बहुतेक ठिपके सावकाश तळाला जाऊन बसले. मोजके काही वर उठले आणि गिरक्या घेऊ लागले.

अण्णा खिडकीकडे वळले. बाहेर अंगणात ती दोरी होती. रोज सकाळी ज्या दोरीवर ते झटकून कापड वाळत घालायचे, तीच. पहिल्या खेपेची पिल्ले तिथे वाळली होती. दुसऱ्या खेपेचीही. आणि त्याच कापडाआडून ते येसूला म्हणाले होते, ते खरंच आहे ना?

आता खरी परीक्षा होती. दार बंद होते, साक्षीला फक्त पोटची लेक. पुन्हा गेली सगळी, एवढे बोलून भागले असते. गाव हळहळले असते आणि येसू तर निघालीच होती. मनाने ही वाट अण्णांना लगेच दाखवली. सज्जनाच्या मनालाही असल्या वाटा ठाऊक असतात.

मथुरा म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, अण्णा. सांगायचं तर तुम्ही सांगा." आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भरती होत आलीय. येसूची तर सुटेल."

अण्णा उठले. ओले कापड हातात धरून, पायात वहाणा न घालता ते बंदराच्या रस्त्याने धावत सुटले. लोक आश्चर्याने बघत राहिले आणि मागोमाग निघाले.

तर सुटायच्या बेतात होती. येसू गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. धक्क्यावर उभे राहून अण्णांनी कापड सगळ्यांसमोर पसरले. "हिच्या हाताने काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पिल्लं या कापडाने मारली. कापड माझं, हात माझा. तिन्ही वेळा मीच मारली. हिच्यावर आळ घेतला तोही मीच."

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. "केवढं मोठं मन," तो म्हणाला. "एका गरीब बाईसाठी दोष आपल्या शिरावर घेतला." दुसरा म्हणाला, "अण्णांच्या हातून जीव जाईल? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ." बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

अण्णा थिजून उभे राहिले. पहाटेपेक्षाही हा धक्का मोठा होता. पारावर ते अर्धवट बोलले, ते गावाने एका संध्याकाळीत गिळले होते. आज ते पुरते खरे बोलत होते आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

"अहो, मी खरं सांगतोय," ते कळवळून म्हणाले.

"हो, हो," लोक म्हणाले आणि पाया पडू लागले.

येसू तरीत बसल्या बसल्या हे सगळे बघत होती. ती म्हणाली, "अण्णा, माझी घरं एकेक करून बंद झाली. ती अशी धक्क्यावरून नाय उघडायची. ज्या दिवशी कुणी आपलं पोर माझ्या पायांवर द्यायला बोलवील, त्या दिवशी मी येईन." तरवाल्याने दोर सोडला.

अण्णा घरी आले. वाचलेली मोजकी पिल्ले आणि सगळे खेकडे त्यांनी मथुरेबरोबर खडकांतल्या संथ पाण्यात नेऊन सोडले. मग ते कापड घडी करून हातात घेतले आणि गावातल्या पहिल्या दारापासून सुरुवात केली.

दारोदार ते तेच सांगत. लोक त्यांना ओटीवर बसवत, ताक देत आणि त्यांच्या मोठेपणाचे गोडवे गात. तरी अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. काहीजणांना वाटले, वयाने भ्रम झाला. काहीजण दुरून दिसताच आत सटकू लागले. अण्णांनी दारे सोडली नाहीत.

असे करत ते सुताराच्या घरी गेले. सून मांडीवरचे बाळ थोपटत होती. दुसऱ्या बाईचे हात त्याला मानवले नव्हते, अंघोळीच्या वेळी ते रडून रडून निळे पडायचे. अण्णांनी कापड उलगडून सांगायला सुरुवात केली. पाणी कसे गाळले, साय कशी धरली, ठिपक्यांना डोळे कसे होते, कापड कसे रोज झटकले. ती बाळाला थोपटायची थांबली. तिने कापडाकडे पाहिले, मग अण्णांकडे पाहिले, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे खरंच तुम्ही मारली," ती हळू म्हणाली. "आणि तुमच्या एका बोलण्यापायी माझं पोर रोज असं रडतंय. ती बाई गाव सोडून गेली. आणि आम्ही तुमच्या पाया पडत होतो."

"हो," अण्णा म्हणाले.

"उठा. माझ्या ओटीवर बसू नका."

तिने त्यांच्या तोंडावर दार लावले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी अण्णांच्या तोंडावर दार लावले होते. ते तिथेच रस्त्यावर उभे राहिले. गाल अपमानाने जळत होते, आणि तरीही त्या पहाटेनंतर पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी सुताराच्या घरून पलीकडच्या तीरावर निरोप गेला. पारावर अण्णांसाठी जागा सरकवून देणारे लोक आता सरकेनासे झाले. भांडणे मिटवायला त्यांना कोणी बोलावले नाही.

त्यानंतरच्या भरतीला तर आली. येसू गाठोडे घेऊन उतरली, धक्क्यावर उभ्या असलेल्या अण्णांच्या बाजूने काही न बोलता गेली आणि थेट सुताराच्या घरात शिरली. अण्णा लांबून मागे मागे गेले आणि त्या घराच्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेला बसले. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. बाळाने एकदा टाहो फोडला, मग येसू त्याच्याशी काहीतरी बोलू लागली आणि ते हुंदके देत देत गप्प झाले. अण्णा दोन्ही हातांनी तोंड झाकून ते ऐकत राहिले.

या गोष्टीचे तात्पर्य: ज्याच्या शब्दाला गावात वजन असते, त्याने दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातातले कापड उलगडून बघावे, कारण त्याने घेतलेला आळ आपल्या पायांनी घरोघर जातो, आणि त्याची कबुली मात्र त्याला स्वतः दारोदार वाहून न्यावी लागते.